आजोळाचं दार

सोलापुरात दोन जातींच्या, दोन भाषांच्या किंवा दोन धर्मांच्या आईबापांचं मूल समोर आलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक सभेत, दुसरं ओट्यावर. सभेतलं वाक्य असं: ‘हा तर दोन संस्कृतींचा संगम!’ आणि ओट्यावरचं: ‘ते समदं खरं हाय ओ, पण उद्या त्याचं लग्न कुणात लावणार?’ पहिलं वाक्य बोलणारा पुरोगामी ठरतो, दुसरं बोलणारा मागासलेला. मला मात्र दुसरं वाक्य अधिक प्रामाणिक वाटतं. ते दुष्ट असेल, पण त्यातला ‘कुणात’ हा शब्द अचूक आहे. प्रश्न माणसांचा आहे, हे त्या ओट्यावरच्या बाईला कळलेलं असतं. सभेतल्या वक्त्याला ते कळत नाही, कारण त्याला संस्कृती दिसते, माणसं दिसत नाहीत.

माझं म्हणणं सरळ मांडतो. मिश्र घरातल्या मुलाला दोन संस्कृती मिळत नाहीत, आणि दोन संस्कृतींमध्ये त्याची ओढाताणही होत नाही. मुलाला माणसं मिळतात किंवा मिळत नाहीत. त्याच्या वाढण्यात काय कमी पडलं, हे बहुतेक वेळा एका गोष्टीवरून ठरतं: त्याच्या आजोळाचं दार उघडं होतं की बंद. ‘ओळखीचा पेच’, ‘संस्कारांचा गोंधळ’, ‘ना इकडचा ना तिकडचा’ ही सगळी मोठ्यांनी आपापसातल्या भांडणाला दिलेली नावं आहेत आणि ती मुलाच्या कपाळावर चिकटवली आहेत. आजोळ हा शब्द मी इथे थोडा ताणून वापरतो आहे. लग्नानंतर ज्या बाजूनं तोंड फिरवलं ती बाजू. ती कधी बापाचीही असते. पण दहापैकी नऊ वेळा ती आईचीच असते, आणि त्यालाही कारणं आहेत. ती पुढे येतील.

१. संगम नदीला शोभतो

सोलापूर स्वतःचं वर्णन बहुभाषिक शहर असं करतं, आणि ते खोटं नाही. यंत्रमागावर तेलुगू, आडतीवर कन्नड, कचेरीत मराठी आणि रिक्षात दखनी ऐकू येते. चारही भाषांत ‘बे’ लावता येतो, ही आमची खरी राष्ट्रीय एकात्मता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. चार हुतात्म्यांचे पुतळे एका ओळीत उभे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३०च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. भाषणात हे चौघे आले की संगम हा शब्द मागोमाग येतोच.

पण शेजार म्हणजे सोयरीक नव्हे. एकाच बोळात शंभर वर्षं राहून, एकमेकांच्या भाषेत शिव्या देऊन, एकमेकांच्या सणाचं गोडधोड खाऊनही लग्नाच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या पेठेत परत जातो. त्या चौघांनी बरोबरीनं मरणं शहराला अभिमानाचं वाटतं; त्या चार समाजांतल्या आजच्या पोरापोरींनी बरोबरीनं संसार थाटायचं ठरवलं, तर तोच अभिमान किती दिवस टिकतो ते पाहावं. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१च्या अहवालात देशभरातल्या विवाहितांना जोडीदाराचा धर्म विचारला होता. ९९ टक्के हिंदूंनी आणि ९८ टक्के मुसलमानांनी आपलाच धर्म सांगितला. आंतरजातीय लग्नांचं प्रमाणही देशपातळीवरच्या सर्वेक्षणात पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळतं. शेजाराचं कौतुक करताना हे आकडे कुणी काढत नाही.

संगम या शब्दात आणखी एक लबाडी आहे. नदीला नदी मिळते तेव्हा दोन्हीकडचं पाणी येतं. इथे बहुतेकदा एकीकडच्या धरणाचं दार आधीच लावलेलं असतं आणि उरलेल्या एका नदीलाच आपण संगम म्हणतो.

२. आमच्या गोष्टी लग्नावर संपतात

मिश्र लग्नांच्या आमच्या मोठ्या गोष्टी आठवून पाहा. त्यांत मूल कुठे आहे?

सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरचं बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथे शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांच्या मेळ्यात एक लग्न ठरलं. हरळय्या जन्मानं चांभार, मधुवरस जन्मानं ब्राह्मण; एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी. बसवेश्वरांच्या शिकवणीत जन्माला किंमत नव्हती, म्हणून हे दोघे बाप व्याही व्हायला तयार झाले. बिज्जळाच्या राज्यात त्याची शिक्षा दोघा बापांना देहदंडाची मिळाली, पुढे कल्याण पेटलं, शरण पांगले. ही कथा आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. बसवेश्वरांचा मंगळवेढ्याशी संबंध असल्यानं ती आम्हाला आपलीच वाटते. पण ती लग्नापाशी आणि मरणापाशी थांबते. त्या जोडप्याचं मूल कुणाच्या मांडीवर वाढलं असतं, हे आठशे वर्षांत कुणी विचारलेलं मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट तर शहराच्या काळजातली. त्याच शरणपरंपरेतले सिद्धरामेश्वर, म्हणजे आमचे सिद्धेश्वर. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. ते विरक्त, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. त्याची आठवण म्हणून दर जानेवारीत नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेले हजारो लोक संमती कट्ट्यापाशी जमतात, अक्षता पडतात. माझ्याही डोळ्यांत त्या क्षणी पाणी येतं, हे लपवत नाही. पण दुसऱ्याच दिवशी होम असतो आणि त्या कुंभारकन्येचं प्रतीक अग्नीत जातं. म्हणजे शहराचं सर्वांत लाडकं लग्न हे साधू आणि कुंभाराची पोर यांचं आहे, आणि त्या लग्नाला संसारच नाही. अक्षता टाकायला सगळं गाव, बारसं कुणाचंच नाही.

तिसरी गोष्ट पुण्याची. तिच्यात मूल आहे, आणि म्हणून ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा १७३४ साली जन्मला. घरात त्याचं नाव कृष्णराव ठेवलं होतं असं सांगतात. त्याची मुंज करायची बाजीरावाची इच्छा होती, पुण्याच्या ब्रह्मवृंदानं ती होऊ दिली नाही. इतिहासात तो समशेर बहादूर म्हणून राहिला. १७४० साली आईबाप दोघेही गेले आणि तो पेशव्यांच्याच घरात वाढला. १७६१ला पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला, जखमी झाला, आणि त्या जखमांनीच गेला. त्याच्या वंशजांना बांद्याचे नवाब म्हणतात. आता सांगा, गोंधळ कुणाचा झाला होता? सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या त्या पोराला आपण कुणाच्या बाजूनं मरायचं हे नीट माहीत होतं. गोंधळ मुंजीच्या मांडवात होता. त्याला तलवार दिली, जहागीर दिली, पंगतीतलं पान दिलं नाही.

सरकारचंही तसंच आहे. आंतरजातीय लग्नाला पन्नास हजारांचं प्रोत्साहन मिळतं. ते जोडप्याला, लग्नाबद्दल. डिसेंबर २०२२मध्ये राज्य सरकारनं आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली, दोन दिवसांत तिच्यातून आंतरजातीय हा भाग वगळला. माहेराशी संबंध तुटलेल्या बायकांचा त्यांच्या घरच्यांशी संवाद घडवायचा, असा तिचा हेतू सांगितला होता. निदान बरोबर होतं, हे मान्य करतो. आजोळ तुटतं हे सरकारलाही दिसलं. पण दार ज्यांनी लावलं त्यांच्याकडे सरकारनं बोट दाखवलं नाही, लग्न ज्यांनी केलं त्यांच्यावर नजर ठेवायची ठरवली.

३. यिनहुआ

या विषयावरची सोलापूरची खरी गोष्ट मात्र भैय्या चौकातल्या एका जुन्या घराशी जोडलेली आहे. आज ते स्मारक आहे. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, सोलापूरचा. १९३८मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात ते गेले, बाकीचे चौघे परतले, हे राहिले. तिथे परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ साली त्यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ला मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी नाव सुचवलं: यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ला, बत्तीस वर्षांचे डॉक्टर गेले.

संगमवाद्यांसाठी याहून सुंदर उदाहरण नाही. मुलाचं नावच संगम. आणि म्हणूनच ते नीट पाहिलं पाहिजे. नावात दोन देश असले तरी मुलाच्या अंगणात एकच होता. बाप जाताच एक बाजू हजारो मैलांवर गेली. इथे नेहमीच्या हिशेबाच्या उलट झालं: मूल आजोळी वाढलं आणि बापाचं घर परकं झालं. पण तत्त्व तेच. त्याला जी भाषा मिळाली, जे जेवण मिळालं, जे मित्र मिळाले, ते जवळच्या माणसांकडून. भारत त्याच्या नावात होता आणि बापाच्या थडग्यावर होता. १९६२च्या ऑक्टोबरात त्याच्या नावातले दोन देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढे तोही वैद्यकीचं शिक्षण घेऊ लागला आणि १९६७ साली, ऐन तारुण्यात, गेला. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगणार नाही. त्याच्या वतीनं बोलायची घाई दोन्ही देशांनी पुरेशी केली आहे.

मला रस आहे तो आपण त्याचं काय केलं यात. व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. स्वतः डॉक्टर झाले, जयश्रीबाई चिंग लान झाल्या. सिनेमाच्या शेवटी चिंग लान बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. नवरा मरणापूर्वी तिला वाट समजावून सांगतो आणि ती त्या वाटेनं येते. प्रत्यक्षात तेव्हा बाळ चीनमध्येच वाढत होतं. पडद्यावर मात्र ते बापाच्या उंबऱ्यावर यावंच लागलं, नाहीतर प्रेक्षकाच्या मनाला शांती नव्हती. मिश्र मूल ‘आपलं’ व्हायचं तर ते बापाच्या घरी आणलंच पाहिजे, अशी आपल्या मनाची घडण आहे. आजोळी वाढून ते पूर्ण होऊ शकतं, ही कल्पना सिनेमालाही झेपली नाही. शांतारामांवर हा ठपका नाही. त्या काळात दुसरा शेवट त्यांना तरी कुणी सुचू दिला असता?

४. मामाची मांडी

आता ‘आजोळच का’ याचं उत्तर द्यायला हवं.

तेलुगूत बापाची आई नानम्मा आणि आईची आई अम्मम्मा. दखनीत दादी आणि नानी. मराठीत आणि कन्नडमध्ये दोघीही आजी किंवा अज्जी, शब्द एकच. पण मराठीनं ती उणीव दुसरीकडे भरून काढली: आईच्या माहेराला आजोळ हा स्वतंत्र शब्द दिला. बापाच्या आईबापांच्या घराला असा वेगळा शब्द नाही, कारण ते नुसतं ‘घर’ असतं. घरात शिस्त, आजोळी लाड. घरात वाटणी, आजोळी वाटणीचा प्रश्नच नाही, म्हणून प्रेम जरा मोकळं. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, कान टोचतानाही तिथेच. लग्नात भटजी मुलीला आणायला सांगतात ते मामाला. या सगळ्या प्रसंगी मामा नसला तर दुसऱ्या कुणाला तरी ‘मामा’ म्हणून बसवतात, पण जागा रिकामी ठेवत नाहीत. मिश्र घरातलं मूल पहिल्यांदा काही वेगळं अनुभवतं ते या उसन्या मांडीवर. वेद, कुराण, वचनं हे सगळं फार नंतर येतं.

आणि मामा का रुसतो, हेही समजून घ्यावं. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हटलं. दक्षिणेत मामाची मुलगी ही हक्काची सून. तेलुगू-कन्नड समाजांत खुद्द मामाशीही भाचीचं लग्न लागतं. सोलापूर या पट्ट्याच्या दक्षिण काठावर. इथे मुलगी देणं म्हणजे पुढच्या पिढीत मुलगी परत येईल अशी साखळी सुरू करणं. बहीण बाहेर लग्न करते तेव्हा भावाची अब्रू जाते असं आपण म्हणतो. पण अब्रूच्या खाली हा हिशेब असतो. भाची सून होणार नाही, भाचा जावई होणार नाही, सण-आहेराची ये-जा थांबली. म्हणून दार बंद होतं ते बहुतेक आईकडचं. बापाकडच्यांनी सून आणलेली असते. ती कुणाचीही असो, वंश त्यांच्याच नावानं चालणार असतो. रडारड होते, दोन वर्षांनी नातू झाला की सगळं थंड होतं. आईकडच्यांना थंड व्हायला काही कारणच उरत नाही.

ओळखीतलं एक घर सांगतो. बाप मुसलमान, आई अक्कलकोटकडची लिंगायत. नोंदणी पद्धतीचं लग्न, कुणी धर्म बदलला नाही. आईच्या गळ्यातलं इष्टलिंग तसंच राहिलं, सासूनं त्यावर कधी शब्द काढला नाही. पण माहेर संपलं. घरात बोली दखनी, शाळेत मराठी. आई कन्नड बोलायची ती फक्त आठवड्यातून एकदा, दारावर येणाऱ्या भाजीवालीशी. मेथीच्या दोन जुड्यांसाठी दहा मिनिटं घासाघीस, आणि ती घासाघीस भावासाठी नसते हे लेकीला सातव्या-आठव्या वर्षी उमगलं. त्या पोरीचं कन्नड तेवढंच आहे: भाज्यांची नावं, एक ते वीस आकडे, आणि ‘अज्जी’ ही हाक, जी तिनं आयुष्यात फक्त त्या भाजीवालीला मारली. या मुलीला संस्कृतीचा पेच नव्हता. तिला एक अज्जी कमी होती.

५. कागद काय विचारतो

घर दार लावतं, पण कडी कागद घालतो.

जनगणनेतली मातृभाषेची व्याख्या घ्या. लहानपणी आई त्या व्यक्तीशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. वरच्या घरातली आई लेकीशी दखनीत बोलली, कारण घरात तेच सोयीचं होतं. म्हणजे त्या मुलीची अधिकृत मातृभाषा बापाच्या आईची. व्याख्या चुकीची नाही. तिनं घडलेलं तेवढं नोंदलं. पण आईची भाषा ‘मातृ’ ठरायलाही माहेरचा आधार लागतो, हे त्या एका रकान्यात दिसतं.

जात मात्र बापाची. जात पडताळणीसाठी पुरावे मागतात ते बापाच्या बाजूच्या रक्तनात्यातले. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. १९९९मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ‘नंतर’ म्हणजे ‘मेल्यानंतरच’ असं नव्हे, हे सांगावं लागलं. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण तिथे आईचं फक्त नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. आई आली, आईचं माहेर आलं नाही.

वारसा तर सगळ्यांत कठोर. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली हिंदू माणसानं अहिंदूशी लग्न केलं की कलम १९नुसार तो एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो, आणि कलम २१नुसार त्या दोघांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मालमत्तेला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. चुलतभाऊ एका कायद्याखाली, हे मूल दुसऱ्या. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख, जैन असतील तर १९७६पासून ही कलमं लागत नाहीत. याहून बोचरं आहे ते हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६. आईनं धर्म बदलला तर तिचा स्वतःचा वारसा जात नाही. पण धर्म बदलल्यानंतर जन्मलेली तिची मुलं, वारसा उघडतो त्या वेळी हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेला अपात्र. म्हणजे आजोबांच्या आधी आई गेली, तर तिच्या जागी नातवंडं उभी राहू शकत नाहीत. आजोळ बंद करायला आजोबांना मृत्युपत्रही करावं लागत नाही, संसदेनं ते १९५६मध्येच करून ठेवलं आहे.

या सगळ्या कागदांत एकच निकाल मला माणसासारखा बोलताना दिसतो. २०१२मध्ये रमेशभाई दाभाई नायका या गुजरातच्या प्रकरणात बाप उच्च जातीचा आणि आई आदिवासी होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मुलाची जात बापाची असं गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक खोडता येतं. मूल आईच्या समाजात वाढलं का, त्या समाजाच्या वाट्याचा अपमान आणि उणेपणा त्यानं भोगला का, त्या लोकांनी आणि बाहेरच्यांनीही त्याला त्यांच्यातलाच मानलं का, हे पाहा. रक्त कुणाचं, यापेक्षा तुला आपलं कुणी म्हटलं, हा प्रश्न न्यायालयानं मोठा केला. ओट्यावरच्या बाईच्या ‘कुणात’पासून हे फार दूर नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: घरात एकच धर्म ठरवून टाका, मूल सुखी राहील. अनेक घरं असंच करतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ‘एकच’ म्हणजे कोणता, हे मुलाच्या सुखावरून ठरलेलं मी पाहिलेलं नाही. ते भाडं कोण भरतो आणि सासू कुठे राहते यावरून ठरतं. शिवाय कलम २६ वर सांगितलंच.

दुसरा आक्षेप उदारमतवाद्याचा: मूल मोठं झाल्यावर स्वतः ठरवेल. ऐकायला छान, पण बालवाडीचा फॉर्म चौथ्या वर्षी येतो. २०२७च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. तान्ह्या मुलासमोरही तो रकाना येईल आणि तो कुणीतरी भरेलच. मुलाला निवड करायची असेल तर दोन्ही बाजू त्याच्या ओळखीच्या हव्यात. ज्या अज्जीला कधी पाहिलं नाही, तिची निवड कशी करणार?

तिसरा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याच्यापाशी थांबतो. आजोळ आजोळ काय करता, आजोळ म्हणजे तरी जातीचाच गड. बाप दलित, आई सवर्ण. ज्या आजोळानं बापाला अंगणात चहा दिला आणि कप वेगळा ठेवला, त्या दाराशी नातवंडानं ताटकळावं का? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. काही दारं बंदच बरी. वेगळ्या कपातून प्रेम पिऊन मोठं झालेलं मूल बंद दारावाल्या मुलापेक्षा जास्त मोडतं, हे मी मानतो. पण याच आक्षेपाच्या मुळाशी जाऊन पाहा. बाबासाहेबांनी १९३६च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय लग्नाला खरा उपाय म्हटलं, ते कशाच्या आधारावर? संस्कृती मिसळाव्यात म्हणून नाही. आपण एकमेकांचे नातलग आहोत ही भावना रक्ताच्या मिसळण्यातून यावी, तिच्याशिवाय जातीनं निर्माण केलेलं परकेपण जाणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे नात्याचाच. लग्न झालं आणि नातं झालं नाही, तर त्या उपायाचं औषध बाटलीतच राहिलं. दलित जावयाच्या लेकराला मामानं मांडीवर घेतलं, त्या दिवशी त्या घरातली जात एक पायरी उतरली. त्याआधी फक्त एक मुलगी घरातून गेली होती.

चौथा आक्षेप भाषेचा: अशा घरांत कन्नड मरते, तेलुगू मरते. मरते, खरंच. पण सोलापुरात ती एकजातीय घरांतही मरते आहे, इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसून. मिश्र घराला त्याचं खापर एकट्यानं का घ्यावं?

आणि हिंसा? माणसं मारली जातात, हे मी विसरलेलो नाही. ज्या घरात जिवाची भीती आहे तिथे आजोळाची चर्चा करणं निर्दयपणाचं आहे. तिथे आधी पोलीस ठाणं.

७. मग करायचं काय

कायद्यानं मामा आणता येत नाही. पण कडी काढता येते. कलम २६ जावं. पडताळणीत आईच्या नातलगांचे कागद बापाच्या कागदांइतक्याच सहजपणे घेतले जावेत. २०१२च्या निकालानंतर त्याला तत्त्वाची अडचण उरलेली नाही. अर्जावर धर्म-जातीच्या रकान्यापुढे दोन ओळी असाव्यात आणि दोन्ही रिकाम्या ठेवायची मुभाही.

त्याहून अवघड काम जोडप्यांचं आहे. माहेर आपोआप विरघळेल, नातू झाला की येतील, या भरवशावर बसू नये. ते येत नाहीत, कारण वर सांगितलेला हिशेब. आईनं आपली भाषा भाजीवालीसाठी राखून ठेवू नये; लेकराशी बोलावी, घरच्यांना समजो न समजो. आजी नसेल तर मावशी, मावशी नसेल तर आईची शाळेतली मैत्रीण; त्या बाजूचं एक तरी माणूस मुलाच्या वाढदिवसाला दारात दिसलं पाहिजे. मेजवानीत दोन्हीकडचे पदार्थ मांडणं सोपं असतं. धपाटे आणि बिर्याणी एका टेबलावर ठेवून फोटो काढला की संगम झाला, असं समजणाऱ्यांनी फोटोत कोण कोण नाही हे एकदा मोजावं.

भाजीवालीला अज्जी म्हणणारी ती मुलगी आता पंचविशीची आहे. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, आईबापांसारखंच नोंदणी पद्धतीनं. या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन ठरलेले होते, मुलाचा मित्र आणि हिची आत्या. तिसरा माणूस कार्यालयाबाहेर लिंबाखाली बराच वेळ चप्पल हातात घेऊन उभा होता. एसटीतून उतरून चालत आला होता, चपलेचा अंगठा तुटला होता. आईनं त्याला आधी पाहिलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, बरंच मोठं, न थांबता. मुलीला त्यातले दोनच शब्द कळले, दोन्ही आकडे. कारकुनानं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. पत्ता विचारला, सांगितला. ‘मुलीचे कोण?’ यावर तो गप्प राहिला. कारकून म्हणाला, ‘राहू द्या, नात्याला रकाना नाही इथं. सही करा.’